खणात बांधून आणलेली कूज

माझा धंदा कुजक्याचा आहे. आमच्या भागात कुणी तूर पिकवतं, कुणी सोयाबीन, कुणी आलं. मी बुरशी पिकवते. बिदरला पिकांच्या रोगांची एक प्रयोगशाळा आहे. तिथं शेतकऱ्यांनी आणलेल्या रोगट झाडांतून रोग वेगळा काढायचा, त्याला काचेच्या ताटलीत वाढवायचा आणि मग त्याचं नावगाव शोधायचं, हे माझं काम. नातेवाइकांना ते आजवर कळलेलं नाही. 'पोरगी लॅबमध्ये असते' एवढं ऐकून निम्मं गाव रक्त तपासायला माझ्यापुढं बोट धरतं.

आमच्याकडं बुरशीला जसं जेवण मिळतं तसं मला सासरी दिवाळीतसुद्धा मिळत नाही. बटाटे सोलायचे, उकडायचे, त्यांचं पाणी गाळायचं, त्यात साखर घालायची, घट्ट व्हायला अगर नावाची पूड घालायची, कुकरच्या थोरल्या भावासारखं एक भांडं आहे त्यात वाफवायचं आणि ताटलीत गार करून बाईसाहेबांना वाढायचं. बाहेरचा एक कण पडला की सगळी पंगत फुकट. दुपारी त्या बटाट्याच्या वासानं रस्त्यावरची माणसं आत येऊन 'वडा मिळतो का' म्हणून विचारतात. यात थोडं वाढवून सांगितलंय, पण एकजण खरंच आला होता.

या अन्नछत्रात एका सकाळी माझा मामा आला.

मामा संतपूरच्या पुढच्या खेड्यातला, निवृत्त बस ड्रायव्हर. त्याच्या गाडीला हॉर्न होता, पण तो नवाकोराच राहिला. औरादच्या फाट्यावर 'सरका' म्हटलं की भालकीच्या बाजारातल्या म्हशी बाजूला व्हायच्या. आवाजाखालोखाल त्याची मिशी. लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा मामीला आधी मिशी दिसली आणि तिच्यामागून मामा आला, असं मामी स्वतः सांगते.

तर तो मामा दारात उभा. हातात हिरव्याकंच खणाचं गाठोडं, वर नारळ, कपाळाला गंध. दारावरच्या वॉचमनला वाटलं, आमच्या सरांची सोयरीक आली. आमचे सर धारवाडकडचे, बिनलग्नाचे, आणि इतके कमी बोलणारे की त्यांच्या तोंडाला जाळं धरत नाही हेच नवल. तेही दचकून खुर्चीतून अर्धे उठले.

"मामा, ह्ये काय आणलाव?"

"रोग आणलाव," मामा अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाला. "तपास. माझ्या मिशीचा सवाल हाय."

मिशीचा सवाल कसा आला ते आधी सांगते. निवृत्तीनंतर मामा मामीला घेऊन रामेश्वरला गेला. वाटेत सेलमच्या बाजूला त्याला पुरुषभर उंचीची, पंज्यासारख्या पानांची झाडं दिसली. ती कसली म्हणून गाडी थांबवून विचारलं, तर कुणीतरी एक झाड उपटून दाखवलं. खाली मांडीएवढाले कंद. याच कंदापासून साबुदाणा करतात, हे कळल्यावर मामा एवढ्या मोठ्यानं ओरडला की म्हणे रामेश्वरच्या देवाला ही दोघं निघाल्याची वर्दी तिथूनच गेली. आपण जन्मभर उपासाला जे खाल्लं ते जमिनीत उगवतं! दर्शन राहिलं बाजूला. येताना मामीच्या पिशवीतली लुगडी बाहेर आणि त्या झाडाच्या, म्हणजे साबुकंदाच्या, लावायच्या कांड्या आत.

"चार लुगडी अंगावर नेसून आलाव मी बाय," मामी सांगते. "लोकं म्हनली, म्हातारी तीर्थाला जाऊन फुगली."

कांड्या लावल्या. झाडं तरारली. मामा देवळाच्या कट्ट्यावर बसून साबुदाण्यावर भाषणं द्यायला लागला. त्याच्या शेजारच्या रानात तूर पिकवणारा एक गृहस्थ आहे. दोघं एका वर्गात नापास झालेले, त्यामुळं मैत्री पक्की. तो म्हणाला, साबुदाणा कारखान्यात पिठाचा करतात, झाडाला लागत न्हाई. मामा म्हणाला, लागतो. असं म्हणता म्हणता मामा उभा राहिला आणि मिशीला हात लावून बोलून गेला, "ह्या शिवरात्रीला म्हादेवाच्या देवळात माझ्या रानातल्या साबुदाण्याची खिचडी खाऊ घालीन. न्हाई घातली तर ह्ये मिशी उतरवीन."

"न्हाव्याला सांगून ठेवतो," तूरवाला म्हणाला.

सगळं बरं चाललं होतं. मग परतीचा पाऊस बक्कळ झाला आणि दिवाळीच्या पुढं उताराकडची झाडं पिवळी पडून माना टाकायला लागली. एक उपटून पाहिलं तर कंद आतून करडा आणि आंबूस वासाचा. मूळकूज. मामा गाठोडं बांधून थेट माझ्याकडं.

मी गाठोडं सोडलं. आत जे निघालं ते बघून सरसुद्धा हसले, आणि ही घटना आमच्या प्रयोगशाळेत अजून सांगतात. कंदाचे मोठमोठे तुकडे घासून पुसून लखलखीत केलेले आणि कापलेल्या तोंडांना बोटभर हळद थापलेली. वर कुंकवाचं बोट. नवरीच काय ती.

"हळद कामून लावलाव?"

"जखमेला हळद लावत्यात न्हवं? मामीनं लावली."

मला वाटलं, हळदीखाली रोग असेल. ती धुतली, टोकाशी किंचित काळपट होतं तिथले बारीक तुकडे काढले, दिव्यावर सुई लाल करून नीट ताटल्यांत मांडले आणि मामाला जेवू घालून बसमध्ये बसवलं.

रोज सकाळी ताटल्या बघायच्या. काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. आठवडा होत आला तरी ताटल्या अशा स्वच्छ की त्यांत बघून कुंकू लावावं. एरवी माझ्या ताटलीत शिंक पडली तरी जंगल उगवतं. सर आले, एक ताटली उजेडाकडं धरली आणि तुकड्याभोवती पसरलेल्या फिक्या पिवळ्या वर्तुळाकडं नुसतं बोट केलं. मुरलेली हळद धुऊनही गेली नव्हती, आणि हळदीपुढं बुरशी उगवत नाही.

तेवढ्यात मामीचा फोन. "तुझ्या ताटल्यांत काय निगालं?"

"काहीच न्हाई मामी."

"मग हितं झाडं कामून आडवी पडायलीत? तुझ्या ताटल्या ठणठणीत हायत, रान आजारी हाय. आनखी आठ-दहा गेली. ह्ये मिशीला तेल लावून बसलेत, शेवटचं कौतुक म्हनून."

मी मामाला फोनवर बोलावलं. "मामा, तुमी कंदाचा कुठला भाग आणला होता?"

"चांगला. कुजका कापून टाकला, उरला त्यातला निवडून निवडून आणला."

"मला कुजकाच पायजे होता!"

मग मामा, त्याच्या मानानं हळू, म्हणजे भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "पोरी, भाचीच्या दारात कुजकं घेऊन यायचं व्हय? आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं न्हाई. तुझ्या आईला वर काय तोंड दाखवू?"

प्रयोगशाळा झाली तरी मामाच्या लेखी ते भाचीचं घर. भाचीच्या घरी जाताना माणूस आंबा नेतो तो दाबून, वास घेऊन नेतो. त्यानं रोग आणला तोसुद्धा पहिल्या प्रतीचा, डाग नसलेला.

मी म्हटलं, या वेळी लाज सोडा, कुजकंच पाठवा. मामानं लाज सोडली ती कायमची सोडली. पूर्ण कुजून लगदा झालेला कंद पिशवीत घालून त्यानं जुन्या ओळखीच्या ड्रायव्हरकडं दिला. ती बस औरादहून निघाली तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. बिदरला पोचली तेव्हा आत ड्रायव्हर, पिशवी आणि सर्दी झालेली एक आजी एवढीच उरली होती. कंडक्टर म्हणे मागून जीपनं आला. मी पिशवी घ्यायला गेले तर ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, मामाला सांगा, आपली ओळख संपली."

या लगद्याचे तुकडे ताटल्यांत घातले, तर दुसऱ्याच दिवशी यात्रा भरली. हिरवी बुरशी, काळी बुरशी, पांढरी कापसासारखी, चिकट जिवाणूंचे थेंब. सगळे आयत्या जेवणावर आलेले पाहुणे. मेलेल्या कंदावर नंतर कोण कोण येऊन बसतं त्याला हिशेब नसतो. खून करणारा तोवर कधीच पसार झालेला असतो. तो सापडतो कुठं, तर जिथं कुजकं संपतं आणि चांगलं सुरू होतं त्या काठावर. तिथं तो अजून चरत असतो. मामानं एकदा नुसतं चांगलं पाठवलं आणि एकदा नुसतं कुजकं. काठ दोन्ही वेळा शेतातच राहिला.

सरांनी ताटल्यांची यात्रा पाहिली आणि त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. "तुम्हीच जा."

मी गेले. कमलनगरच्या जीपला लोंबकळत, मग एका दुधाच्या मोटरसायकलवर. मामी बांधावरच भेटली. "आलीस? बघ बाय, तुझा मामा झाडांच्या कानात बोलायलाय."

खरंच बोलत होता. फक्त मामाचं कानात बोलणं म्हणजे काय, झाडं वाऱ्यानं हलत होती का त्याच्या आवाजानं, हे मला ठरवता आलं नाही.

रान बघितल्याबरोबर एक गोष्ट दिसली. उताराकडचा अर्धा भाग आजारी आणि चढाकडचा हिरवागार. उताराच्या टोकाला पाणी बाहेर जायचं बांधाचं तोंड मातीनं आणि दगडांनी गच्च बुजवलेलं.

"हे कवा बुजवलाव?"

"परतीच्या पावसात. दर साली बुजवतो. पाणी रानात मुरायला नको?"

आमच्याकडं हे सगळेच करतात. काळ्या रानात थंडीतली ज्वारी निघते ती त्या मुरलेल्या ओलीवर. शेवटचा पाऊस दिसला की हुशार माणूस फावडं घेऊन बांधाचं तोंड बंद करायला पळतो. जो पळत नाही त्याला कट्ट्यावर आळशी म्हणतात. मामाच्या बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं. मामानंही केलं, पण वर ज्वारी नव्हती, साबुकंद होता. कंद महिनाभर चिखलात पाय बुडवून उभा राहिलेला.

मी मामाला लगेच काही म्हटलं नाही. पुराव्याशिवाय ड्रायव्हरची चूक काढायची नसते. माना नुकत्याच पडायला लागलेली झाडं उपटली, काठावरचे तुकडे काढले आणि परत निघाले. मामीनं हळदीचा डबा आणला होता, तो मी हात जोडून परत पाठवला.

या वेळी ताटल्यांत आला तो. पांढरा, पातळ, पाकळ्या उमटल्यासारखा पसरणारा. फायटोप्थोरा. त्याचं नाव घेताना पहिल्यांदा माझे दोन दात हलले होते. पण नुसता सापडला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. निरोगी कंदाला त्याची लागण करून बघावी लागते. चढाकडचा एक ठणठणीत कंद मागवून घेतला, त्यात टोचला, ओलसर डब्यात झाकून ठेवला. काही दिवसांनी कापला तर तोच करडा रंग, तोच आंबूस वास, आणि त्यातून पुन्हा तोच बाहेर. मी मामाला बोलावून घेतलं. मामा येताना मोकळ्या हातानं आला, आणि त्याबद्दल त्यानं वॉचमनची, सरांची आणि दारातल्या तुळशीची अशी तिघांची माफी मागितली.

सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचा बारीक तुकडा मी पाण्यात ठेवला होता. त्याला टोकांना लिंबाच्या आकाराच्या चिमुकल्या पिशव्या धरतात. पाणी जरा गार करून परत बाहेर ठेवलं की त्या फुटतात. मामानं एक डोळा मिटला, दुसरा लावला. मिशी आडवी येत होती. ती त्यानं दोन्ही हातांनी वर धरली.

"लिंबं दिसायलीत."

"बघत रहा."

जरा वेळ गेला. मग मामानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या हातून चंचुपात्र सुटलं. "अगं फुटलं! फुटलं की! आन् आतून... पोहायलेत! पोरी, ह्ये पोहायलेत!"

"व्हय. रान तुंबलं की असंच पोहत एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडं जातात. पाणी नसलं तर जागच्या जागी बसतात."

मामानं डोळा बाजूला केला. माझ्याकडं बघितलं. मी बांधाचं नावही काढलं नव्हतं. तो पुन्हा वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि त्या पोहणाऱ्यांना म्हणाला, "म्हंजे लेकांनो, तुमच्यासाठी तळं मीच बांधून दिलो व्हय." आणि हसायला लागला. माझा मामा असा आहे. चूक सापडली की त्याला पाकीट सापडल्यासारखा आनंद होतो.

आता खरा पेच पुढं होता. शिवरात्रीला अजून बरेच दिवस होते. कंद जमिनीत ठेवावा तर कूज चढाकडं सरकणार. काढावा तर साबुकंद काढल्यावर दोन-तीन दिवसांत आतून निळा-काळा पडतो. शिवरात्रीपर्यंत टिकायचं नावच नको. मामा मिशीवरून हात फिरवत बसला. मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "काढा. सत्त्व करून वाळवा." मग त्यांना वाटलं आपण फार बोललो, म्हणून ते बाहेर गेले.

तेच खरं होतं. कंद टिकत नाही, पण त्याचं सत्त्व वाळवलं की टिकतं. साबुदाणा म्हणजे तेच.

दुसऱ्याच दिवशी बांधाचं तोंड फोडलं आणि चढाकडचे सगळे कंद काढले. मी सुट्टी टाकून गेले. माझं काम एकच: प्रत्येक कंद कापून बघायचा, पांढराशुभ्र असेल तर आत, करडी रेघ दिसली तर बाहेर. साल काढून, धुऊन, किसून, फडक्यातून पिळायचं. पिळलेलं पाणी बसू द्यायचं, खाली सत्त्व धरतं. वरचं पाणी मामी शेळ्यांपासून लांब नेऊन ओतायची, कारण कच्च्या साबुकंदात विष असतं हे मी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून मामी त्या पाण्याकडं सापाकडं बघावं तसं बघत होती.

दाणे करणं ही मात्र कठीण गोष्ट निघाली. ओलसर सत्त्व कापडात घालून झोळीसारखं हलवायचं, म्हणजे म्हणे आपोआप गोळे होतात. मामा आणि मी दोन टोकं धरून हलवत होतो. मामा बस घाटातून न्यावी तसा वळणं घेत हलवायचा. दाणे झाले, पण एकाचं तोंड दुसऱ्याला ओळखू येईना. काही मोहरीएवढे, काही बोराएवढे, आणि एक तर असा की त्याला उचलायला दोन हात लागले असते, जर मामीनं तो आधीच फोडला नसता. तव्यावर जरा तेलाच्या हातानं भाजून अंगणात वाळवले. मामा काठी घेऊन कोंबड्या राखत बसला. नोकरीत त्यानं एवढी ड्युटी कधी केली नव्हती.

शिवरात्रीला सरांना मी आग्रह करून गावी नेलं. देवळासमोर चूल पेटलेली, मोठं पातेलं, दाण्याचं कूट, जिरं, मिरच्या. कट्ट्यावर पहिल्या रांगेत तूरवाला बसलेला आणि त्याच्या शेजारी गावचा न्हावी, मांडीवर पेटी घेऊन.

"ह्यो कामून आणलास?" मामानं विचारलं.

"दर्शनाला आलाय," तूरवाला म्हणाला. "पेटी त्याची सवय हाय."

मामीनं खिचडी हलवली. साबुदाणा विकतच्यासारखा सुटा होईना. लहान दाणे विरघळले, मोठे आतून कच्चे राहायला बघायला लागले, आणि मामीनं झाकण ठेवून वाफ दिली तेव्हा सगळ्याचा एक चकचकीत गोळा झाला. मामाचा चेहरा पडला. मामी त्याच्याकडं न बघता म्हणाली, "अहो, गोळा झाला तर काय झालं? रानातलाच हाय न्हवं? वाढा." आणि डावानं कापून केळीच्या पानावर वाढायला लागली. गावाच्या मानानं थोडी होती, म्हणून प्रसादासारखी थोडी थोडी.

पहिलं पान तूरवाल्याला. त्यानं घास तोंडात टाकला. जबडा हलेना. दोन्ही गाल भरलेले, डोळे मोठे.

"काय, झाडाला लागतो का न्हाई?" मामानं विचारलं.

तूरवाला बोलायला बघत होता, पण खिचडीनं त्याचे दात एकमेकांना धरून ठेवले होते. शेवटी त्यानं मान डोलावली.

"बघा!" मामा गरजला. "आमची पहिलीपासून वळख हाय, आज पहिल्यांदा गप बसलाय. एवढ्यासाठी तरी लावावा साबुकंद."

देवळात जो हशा झाला त्यानं कळसावरचे पारवे उडाले. न्हावी पेटी खाली ठेवून दुसऱ्यांदा पान पुढं करत होता. घास सुटल्यावर तूरवाल्याचं पहिलं वाक्य होतं, "चिकट हाय." आणि दुसरं, हळूच, मामीला, "वैनी, दोन कांड्या ठेवा मला. माझं वरचं रान चढाचं हाय, पाणी थांबत न्हाई."

मामानं कांड्या आधीच बाजूला ठेवल्या होत्या. मीच बघून दिल्या होत्या, एकेक, चढाकडच्या निरोगी झाडांच्या. मामीनं त्यांना हळद लावायला घेतली तेव्हा या वेळी मी गप बसले.

मी सरांकडं बघितलं. ते खांबाला टेकून बसले होते. पान पुसून स्वच्छ. मामा त्यांच्यासमोर पातेलं घेऊन उभा राहिला, मिशीत खिचडीचे दोन दाणे अडकलेले, एक मोहरीएवढा आणि एक बोराएवढा.

"सर, कशी झाली?"

सरांनी विचार केला. मग पान पुढं सरकवलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "इन्नू स्वल्प." अजून थोडी.

मामी पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड काढायला लागली.